सरपण हिशेबात, भाकर हिशेबाबाहेर
(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी मोहर्लीची. गटाचं हिशेबाचं रजिस्टर माझ्याकडे असतं, हंगामात एका होमस्टेच्या स्वयंपाकघरात काम करते, आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. करते आहे. यंदा मी मोबाइलवर एक विषय शिकले. त्याचं नाव स्थूल अर्थशास्त्र. जुन्या पुस्तकांत त्यालाच समग्रलक्षी अर्थशास्त्र म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका. एका घराचा, एका दुकानाचा हिशेब म्हणजे सूक्ष्म. सगळ्या देशाचा एकत्र हिशेब म्हणजे स्थूल. देशात किती पिकलं, किती कमावलं, महागाई किती, किती हात रिकामे, व्याज किती, असं सगळं त्यात येतं.

सासूबाई म्हणाल्या, "पोरी शिकतात तं शिकू दे, तुले का करायचं आता देशाचा हिशेब?" प्रश्न बरोबर आहे. आज मी त्याचंच उत्तर देणार आहे.

या विषयातला पहिला धडा राष्ट्रीय उत्पन्नाचा. बातम्यांत जीडीपी, जीडीपी म्हणतात ते हेच. देशाच्या हद्दीत एका वर्षात जेवढ्या वस्तू आणि सेवा तयार झाल्या, त्यांची किंमत. पण एकच वस्तू दोनदा मोजायची नाही. समजा शेतकऱ्यानं २००० रुपयांचं धान विकलं. गिरणीवाल्यानं त्याचा तांदूळ करून ३००० ला विकला. हॉटेलवाल्यानं त्याच तांदळाच्या थाळ्या करून ५००० मिळवले. तिन्हींची बेरीज १०,००० होते, पण ती चूक. शेवटची थाळी तेवढी मोजायची, म्हणजे ५०००. नाहीतर प्रत्येकानं किती भर घातली ते मोजायचं. शेतकऱ्यानं २०००, गिरणीनं १०००, हॉटेलनं २०००. बेरीज पुन्हा ५०००. आमच्या गटात हे पाटीवर करून दाखवलं तेव्हा दुसरी शिकलेल्या काकूंनी सगळ्यांच्या आधी उत्तर दिलं. धान कुटण्यापासून विकण्यापर्यंत त्यांच्या हाताखालून गेलेलं असतं ना.

आपल्या देशात हा हिशेब पहिल्यांदा मांडला तो दादाभाई नौरोजींनी. १८६७-६८ सालासाठी त्यांनी काढलं की हिंदुस्थानातल्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न डोई सरासरी २० रुपये पडतं. इंग्रज सरकारला त्यांनी तो आकडा दाखवला आणि देश गरीब का होतोय ते विचारलं. म्हणजे हा विषय जन्मला तोच भांडायला. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये सरकारनं राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. अध्यक्ष महालनोबिस, आणि सदस्यांत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्याच्या घरात पिकून घरातच खाल्लं गेलेलं धान्य बाजारात येत नाही, तरी त्याची किंमत धरून ते देशाच्या उत्पन्नात मोजतात. हे मला फार आवडलं. आपली कोठीसुद्धा दिल्लीच्या वहीत आहे.

आता खरी गंमत ऐका. गंमत म्हणावी की राग यावा, ते तुम्ही ठरवा.

देशाच्या हिशेबात जंगलाचं एक खातं आहे. त्यात इमारती लाकूड येतं, तेंदूपत्ता-मोहासारखं गौण वनोपज येतं, आणि जळाऊ लाकूडही येतं. तुम्ही डोक्यावर आणलेली मोळी विकली नाही, घरीच जाळली, तरी घरोघरच्या वापराचा अंदाज घेऊन तिची किंमत धरतात. म्हणजे सरपण हिशेबात आहे. त्या सरपणावर तुम्ही भाकर भाजली की ती भाजण्याची मेहनत मात्र हिशेबात नाही. जगभरात नियम असा ठरलाय की घरासाठी तयार केलेली वस्तू मोजायची, पण घरच्यांसाठी केलेली सेवा मोजायची नाही. रांधणं, भांडी, सडा-सारवण, लेकराला न्हाऊ घालणं, आजारी सासऱ्याजवळ रात्र काढणं, सगळं बाहेर.

माझंच पाहा. होमस्टेच्या स्वयंपाकघरात मी पाहुण्यांसाठी वांग्याची भाजी करते, तिची किंमत देशाच्या उत्पन्नात जाते. घरी येऊन तीच भाजी, त्याच हातानं, लेकरांसाठी करते. शून्य. पिगू नावाचे एक इंग्रज अर्थशास्त्रज्ञ होते, त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच हा घोळ सांगून ठेवलाय. एखाद्यानं घरच्या पगारी मोलकरणीशी लग्न केलं, तर काम तेच राहतं आणि देशाचं उत्पन्न मात्र कमी होतं.

हे काम थोडं असतं तर सोडून दिलं असतं. २०१९ मध्ये सरकारनंच देशभर पाहणी केली, दिवसाचा वेळ कोण कशात घालवतं त्याची. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो. म्हणजे एक मिनिट कमी पाच तास. जे पुरुष असं काम करतात त्यांचा वेळ ९७ मिनिटं. आणि असं काम करणारे पुरुष मुळात शंभरात सव्वीसच निघाले, बाया एक्क्याऐंशी. १९८८ मध्ये न्यूझीलंडच्या मॅरिलिन वॉरिंग या बाईंनी यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्या तिथल्या संसदेत होत्या, सरकारच्या हिशेबाची तपासणी करणाऱ्या समितीत बसायच्या. म्हणजे ज्या वहीत बायांचं काम नाही, ती वही त्यांनी आतून पाहिलेली.

तुम्ही म्हणाल, मोजलं काय आणि नाही मोजलं काय, काम तर करावंच लागतं. तसं नाही बायांनो. जे वहीत नसतं त्याच्यासाठी पैसा मागता येत नाही. पाण्याचा नळ, पाळणाघर, गॅस मागायला आपण जातो तेव्हा "यानं उत्पादन किती वाढेल?" असं विचारतात. पाच तासांतला एक तास वाचतो, हे उत्तर तेव्हाच चालतं जेव्हा त्या तासाला कोणी किंमत देतं.

दुसरीकडे काय मोजलं जातं तेही आपल्या दारातच दिसतं. मोहर्लीला इरई धरणाचं पाणी लागून आहे. त्याच पाण्यावर चंद्रपूरचं वीज केंद्र चालतं, २९२० मेगावॅटचं. जिल्ह्यातला कोळसा खणला, जाळला, वीज झाली की देशाचं उत्पन्न वाढलं. जमिनीतला कोळसा तेवढा संपला, हवा खराब झाली, त्याची वजाबाकी कुठे? यंत्राची झीज वजा करून निव्वळ उत्पादन काढतात, पण त्या झिजेत कोळसा नाही, आपली फुप्फुसंही नाहीत. उभा साग शून्य, तोडलेला साग उत्पन्न. ताडोब्यात वाघ पाहायला येणाऱ्याचं तिकीट उत्पन्न, वाघाच्या भीतीनं सरपणाला न गेलेल्या बाईचा बुडालेला दिवस कुठेच नाही. मी म्हणत नाही की जीडीपी खोटा आहे. तो एक माप आहे. पायलीनं धान मोजतात, दूध नाही मोजत.

२०२० च्या टाळेबंदीत हे माप कसं हाललं ते आठवा. जिप्स्या उभ्या होत्या, गेट बंद, आपल्या पोरांचं गाइडचं काम बंद. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत देशाचं उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा २३.९ टक्क्यांनी घटलं, असा पहिला सरकारी अंदाज आला. त्याच अंदाजात शेती, जंगल आणि मासेमारीचं खातं मात्र ३.४ टक्क्यांनी वाढलेलं होतं. शहरातून घरी परतलेल्यांना कोणी जेवू घातलं, ते खातं त्या कागदावर नव्हतंच.

आता पर्यटनाच्या पैशाकडे येते, कारण अभ्यासातला मला सगळ्यात कामाचा वाटलेला धडा तो आहे. त्याचं नाव गुणक. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३६ च्या पुस्तकात तो मांडून जगाला पटवला. समजा एका पाहुण्यानं गावात १००० रुपये खर्च केले. ज्याला मिळाले त्यानं त्यातले ६०० गावातच खर्चले, दूध, भाजी, शिलाई यांवर. ज्यांना ते ६०० मिळाले त्यांनी त्यातले ३६० पुन्हा गावात खर्चले. मग २१६. असं उतरत उतरत बेरीज होते २५०० रुपयांची. हजाराचे अडीच हजार झाले, नोट छापली नाही तरी. पण ज्याला हजार मिळाले त्यानं २०० च गावात ठेवले आणि पुढेही सगळ्यांनी पाचवा हिस्साच ठेवला, तर बेरीज थांबते १२५० वर. आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, पण रीत हीच.

म्हणजे गावात किती गाड्या आल्या हे विचारून भागत नाही. पैसा आला कुठून आणि दुसऱ्या उडीत गेला कुठे, हे विचारावं लागतं. रिसॉर्टचा मालक बाहेरचा, भाजी बाहेरून, चादरी धुवायला बाहेर, तर आपल्या वाट्याला येतो तो फक्त धुरळा. ग्रामसभेत "पर्यटनानं गावाचा विकास झाला" असं कोणी म्हटलं की आमच्या गटाच्या बाया आता विचारतात, सांबार कुठून घेता? साधा प्रश्न आहे, पण उत्तर देताना लोक अडखळतात. आम्ही तीन महिने गटातल्या घरांचा खर्च लिहिला, गावात किती, बाहेर किती. आमचाच बराच पैसा साबण, तेल आणि मोबाइल रिचार्जमधून बाहेर जातो हे दिसलं. साबण आपण काय करणार? पण पापड, लोणचं, मोहाचे लाडू होमस्टेला आपणच द्यायचे, हे त्या वहीतूनच ठरलं.

सरकारनं मंदीत खर्च केला तर लोकांच्या हातात पैसा येतो, बाजार हलतो, हेही केन्स यांचंच म्हणणं. पण ते शिकायला विलायतेला जायची गरज नाही. १९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ ५० लाख माणसं होती, त्यात खडी फोडणाऱ्या बाया किती तरी. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना त्याच काळात राज्यभर आली, आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि त्यासाठी शहरातल्या नोकरदार-व्यापाऱ्यांवर १९७५ पासून व्यवसाय कर. मुंबईचा पगारदार कर भरतो आणि गावातल्या बाईला दगड फोडायचं का होईना पण हक्काचं काम मिळतं, हा स्थूल अर्थशास्त्राचा धडा महाराष्ट्रानं स्वतः लिहिला. देशाचा रोजगार हमी कायदा २००५ मध्ये झाला, आपल्या नंतर. ऑनलाइन व्याख्यानात अमेरिकेच्या मंदीवर एक तास होता, यावर एक वाक्यही नव्हतं. म्हणून मी तुम्हाला सांगतेय.

मजुरीचंच उदाहरण घेऊन महागाई समजावते. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ मध्ये २९७ रुपये होती, २०२५-२६ मध्ये ३१२ झाली. पंधरा रुपये, म्हणजे पाच टक्के वाढ. ही झाली नावाची वाढ. तुमच्या घरचा खर्च त्या वर्षात सात टक्क्यांनी वाढला असेल तर खरी मजुरी कमी झाली, जास्त नाही. महागाई मोजायला सरकार एक टोपली धरतं. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून केलेल्या ग्रामीण टोपलीत शंभरापैकी ५४ वाटा खाण्यापिण्याचा होता. प्रत्येक वस्तूचा भाव तिच्या वाट्यानुसार धरतात. घरच्या शंभर रुपयांत तेलाला ८ रुपये लागत असतील आणि तेल २५ टक्क्यांनी महागलं, तर एकूण खर्च २ रुपयांनी वाढला, म्हणजे दोन टक्के. एवढंच गणित आहे. तुम्ही आपल्या घराची टोपली लिहा. दवाखाना आणि भद्रावती-चंद्रपूरचं भाडं त्यात धरायला विसरू नका, आपल्याकडे तो खर्च मोठा असतो.

महागाई वाढली की रिझर्व्ह बँक व्याज वाढवते, उतरली की कमी करते. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवायची, दोन टक्के इकडे-तिकडे चालेल, असं तिला ठरवून दिलंय. बँकांना ती ज्या व्याजानं पैसा देते तो रेपो दर. फेब्रुवारी २०२३ पासून दोन वर्षं तो साडेसहा टक्के होता, फेब्रुवारी २०२५ पासून उतरायला लागला आणि जूनमध्ये साडेपाच झाला. हे ऐकून गटातल्या एकीनं विचारलं, मग माझा हप्ता का नाही उतरला? याचं उत्तर प्रत्येक कर्जाला वेगळं. गटाच्या ३ लाखांपर्यंतच्या बँक कर्जाचं व्याज सरकारी योजनेत ७ टक्के ठरलेलं आहे, ते रेपोनं हलत नाही. घराचं किंवा लहान धंद्याचं बदलत्या व्याजाचं नवं कर्ज बँकांनी ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या एखाद्या दराशी, बहुतेक रेपोशीच, जोडलेलं असतं, ते उतरायला हवं. घरोघरी येऊन आठवड्याचा हप्ता नेणाऱ्या कंपन्यांचं व्याज सहसा ठरलेलं आणि चढं. म्हणून होमस्टेसाठी कर्ज काढणाऱ्या बाईनं सही करण्याआधी एवढं विचारावं: व्याज बांधलेलं की बदलतं? बदलतं असेल तर कशाला जोडलंय? आणि हे कागदावर दाखवा. आमच्या गटातल्या दोघींनी असं विचारलं तेव्हा समोरच्यानं खुर्ची दिली, हेही सांगते.

बेरोजगारीचा धडा मी भरभर पुढे नेते. पावसाळ्यात कोअरची सफारी बंद झाली की रिकामे होणारे हात म्हणजे हंगामी बेरोजगारी. एका बांधीत दोघांचं काम असून घरचे पाच जण राबतात ती छुपी. नावं नवीन, गोष्ट आपलीच.

आता शिकायचं कसं. केंद्र सरकारचं 'स्वयम्' नावाचं ऑनलाइन शिक्षण २०१७ पासून सुरू आहे. शिकायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे पदवीच्या एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय तिथून करता येतात, पण आपलं विद्यापीठ ते गुण धरतं का, हे नाव नोंदवण्याआधी विचारून घ्या. बारावी झाली नसेल तरी खट्टू होऊ नका, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची दारं १९८९ पासून आपल्यासारख्यांसाठीच आहेत.

अडचणीही सांगते. व्याख्यानं बहुतेक इंग्रजीत, थोडी हिंदीत. सत्रं दोन, जानेवारीचं आणि जुलैचं. जुलैला रोवणी. त्याची परीक्षा येते तेव्हा धानाची कापणी-मळणी. जानेवारीचं सत्र मोहफुलाच्या दिवसांतून जातं आणि परीक्षा साधारण तेंदूपत्त्याच्या वेळी. हे वेळापत्रक करणाऱ्यानं कधी मोह वेचला नसणार. मी जानेवारीचं घेतलं. जिथे रेंज येते तिथे व्हिडिओ उतरवून ठेवायचे आणि पहाटे चूल पेटायच्या आधी ऐकायचे, असं बारा आठवडे केलं. पहाटेचा तो तास मिळावा म्हणून मोठ्या पोरानं पाणी भरायचं काम घेतलं. सासूबाई पहिल्या आठवड्यात बोलल्या, नंतर स्वतःच विचारायला लागल्या, "आज का म्हणते तुही रेपो?"

सुरुवात मात्र व्हिडिओनं करू नका. बालभारतीचं बारावीचं अर्थशास्त्राचं पुस्तक मराठीत आहे, मोबाइलवर फुकट उतरवता येतं. त्यातले 'निर्देशांक' आणि 'राष्ट्रीय उत्पन्न' हे दोन धडे आधी वाचा, म्हणजे इंग्रजी शब्द आला तरी गोष्ट ओळखीची वाटते. ज्यांच्या घरी फ्री डिश आहे त्यांना 'स्वयंप्रभा' वाहिन्यांवर नेटशिवायही व्याख्यानं पाहता येतात.

आमचा गट महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर अर्धा तास एकेक धडा घेतो. पुढच्या वेळी सरकारचं अंदाजपत्रक आहे, आणि त्याच्या शेजारी ग्रामपंचायतीचं ठेवून वाचायचं ठरलंय. आजूबाजूच्या गावांतल्या ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. येताना आपापल्या गावच्या ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक मागून आणा. देत नसतील तर ग्रामसभेत मागा, तिथे ते वाचून दाखवावं लागतं.